बंद केलेलं पाणी

१४ फेब्रुवारी

चि. बापू,

अनेक आशीर्वाद. वहिनीचा फोन आला होता, तुझी कंबर धरली म्हणाली. गोदामात पेट्या उचलताना पट्टा बांधत जा. समुद्रावरची मस्ती जमिनीवर चालत नाही. आईला हल्ली कमी ऐकू येतं, पण तुझं नाव काढलं की बरोबर ऐकू येतं.

माझं काम नेहमीचंच. प्रयोगशाळेतल्या टाक्यांत खोल, थंड पाण्यातलं प्रवाळ ठेवलंय. तुझ्या जाळ्यात अडकायचं तेच, पांढऱ्या फांद्यांचं. पुढे समुद्र जसा होणार तसं पाणी त्याला दिलं, जरा गरम, जरा आम्लयुक्त. तरी ते वाढत राहिलं. मी खूश होते. परवा एक फांदी उचलायला गेले तर हातात नुसता शेंडा आला. शेंडा जिवंत होता. तो ज्यावर उभा, तो खालचा जुना सांगाडा भिजल्या खडूसारखा झाला होता.

मग तुम्ही जाळी टाकायचात त्या समुद्रातल्या खडकावर कॅमेरा सोडला.

बापू, मासेमारीवर बंदी आल्यापासून तिथे एकही जाळं पडलेलं नाही. तरी अर्धं प्रवाळ कोसळलंय. मासे तुरळकच दिसले.

तू आमच्या स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला होतास, "ताई, त्या पाण्यावर माझं घर चालतं." मी म्हणाले, "थोडी वर्षं दम धर. प्रवाळ वाढेल, त्याच्या आडोशाला मासे वाढतील." माझ्या अहवालावर बंदी आली आणि तुझी बोट विकली गेली. जाळं थांबवलं की झालं, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं. पण पाणीच बिघडत होतं, खालचा सांगाडा त्यातच विरघळत होता.

आता बोटवाल्यांनी अर्ज केलाय. नाहीतरी मरतंय, मग बंदी उठवा, म्हणतात. आमच्या साहेबांनी मला विचारलं, "त्यांचं काय चुकतंय?"

मी कॅमेऱ्यातलं चित्रण त्यांच्यापुढे लावलं. मग म्हटलं, "उरलंय ते इतकं ठिसूळ आहे की एका जाळ्यात भुईसपाट होईल. आणि पलीकडच्या उतारावर, गार प्रवाहात, थोडं अजून धड आहे."

बंदी राहावी, असं मी काल लिहून दिलं. बहुतेक राहील. बंदरावरच्या कुणी सांगण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र.

या वेळी मासे येतील असं म्हणत नाही. त्या उताराचंही किती दिवस, ठाऊक नाही.

रागावायचं असेल तर घरी येऊन रागाव. गप्प तेवढा बसू नकोस.

तुझं सगळं ऐकून घेणारी,
ताई