केसभर वर

प्रिय ताई,

पाकीट जाड आहे म्हणून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही. बाबा ठणठणीत आहेत, आज सकाळपासून दोनदा माझ्यावर ओरडलेत, म्हणजे तब्येत उत्तमच म्हणायची. तू म्हणशील, ढब्बूला फोन करायला काय धाड भरली होती? फोनवर मला खोटं बोलता येतं गं. हातानं लिहायला बसलो की शाई वाळेपर्यंत लाज वाटत राहते, म्हणून हा उपद्व्याप.

इकडची खबर अशी की बाबांचं आत्मचरित्र येतंय. बाबा काही स्वतः लिहिणाऱ्यातले नाहीत, तुला माहीतच आहे. एक निवृत्त वार्ताहर आहेत, ते आठवड्यातून दोनदा येतात, टेबलावर रेकॉर्डर ठेवतात आणि बाबा आरामखुर्चीत डोळे मिटून बोलत सुटतात. वर्षभर हे चाललं. गेल्या आठवड्यात छापखान्यातून तपासायची पानं आली. बाबांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून लाल पेन माझ्या हातात दिलं. काना-मात्रा बघ, बाकी कशाला हात लावू नकोस, असा हुकूम. मीही मुकाट्यानं बसलो. बावीस वर्षं मी दुसरं काय केलंय?

आधी तुला एक कबूल करतो. मागच्या वर्षी मी तुझ्या डेपोत आलो होतो. तुमच्या शहरात माझा कार्यक्रम होता आणि दुपार मोकळी होती. फाटकावरच्या रखवालदाराला तुझं विचारलं, तर तो म्हणाला, हेडमिस्त्री बाई ना, त्या पलीकडच्या दुरुस्तीच्या खड्ड्यात आहेत. मी लांबूनच बघितलं. एक बस धडधडत उभी होती. तू लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं होतंस आणि मूठ कानाशी धरली होतीस. भोवती चार माणसं तोंड न उघडता उभी होती. तू डोळे मिटलेस, जरा सरकलीस, पुन्हा ऐकलंस आणि बोटानं एक जागा दाखवलीस. त्यांनी नटबोल्ट काढायला घेतले. तुझं बरोबर निघालं की नाही ते बघायला मी थांबलो नाही, पण मला ते ठाऊक होतं. मी शेपूट घालून परत फिरलो. रखवालदाराला म्हटलं, पुन्हा येईन. आलो नाही.

तेव्हा मला तू अकरा वर्षांची दिसलीस. बाबांच्या खोलीत सतरंजीवर बसून संतुराच्या लाकडाला गाल टेकवून तारा लावणारी. शंभर तारा, शंभर खुंट्या आणि ती एवढीशी पितळी किल्ली. चार तारा मिळून एक सूर, चारातली एक जरी बिनसली तरी सगळा सूर किरकिरतो. मी दहा तारांत कंटाळून पळायचो आणि तू उठायची नाहीस. बाबांनी तुझं तोंडावर कौतुक कधी केलं नाही, पण परगावी कार्यक्रम असला की आधी विचारायचे, ती येतेय ना? मी येतोय का, हे कुणी विचारायचं नाही. ते मला किती झोंबायचं ते तुला कधी कळू दिलं नाही. विनोद करत राहिलो. घरातला विदूषक व्हायला काही अक्कल लागत नाही.

आता बावीस वर्षांपूर्वीच्या त्या नव्या हॉलमधल्या कार्यक्रमाबद्दल. तुला सांगायची गरज नाही, तरी सांगतो, कारण माझ्या तोंडून तू ते एकदाही ऐकलेलं नाहीस. तू तारा लावून झाल्यावर शेवटच्या रांगेत आवाज कसा येतो ते बघायला गेलीस. मला म्हणालीस, ढब्बू, वाद्यापाशी बस, कुणाला हात लावू देऊ नकोस. मी सतरा वर्षांचा. माझ्या खिशात सूर मोजायचं नवंकोरं यंत्र होतं, काट्याचं, बाबांच्या एका चाहत्यानं भेट दिलेलं. सहज एक तार छेडून बघितली, तर काटा मधल्या खुणेच्या किंचित पुढे. दुसरी, तिसरी, सगळ्याच तशा. मला वाटलं, ताई चुकली.

ताई, मला आनंद झाला. हे लिहायलाच मी चार कागद फाडले. काळजी वाटायला हवी होती, तुला हाक मारायला हवी होती. मला आनंद झाला, आणि मी किल्ली घेऊन मधल्या सहा सुरांच्या चोवीस तारा काट्याबरहुकूम खाली उतरवल्या. बाकीच्यांना वेळ पुरला नाही.

तुझी वही मला चार-पाच वर्षांनी सापडली. प्रत्येक हॉलची नोंद होती तिच्यात. कुठे ओल, कुठे पंखे, कुठे दिवे. त्या हॉलपुढे तू लिहिलं होतंस: दिवे थेट डोक्यावर, तार तापून उतरेल, केसभर वर ठेवणे. तोवर मी स्वतः स्टेजवर बसायला लागलो होतो आणि दिव्याखाली तार कशी ढिली पडते ते अनुभवलं होतं. तुझं केसभर वर हेच बरोबर होतं आणि माझा काटा शुद्ध मूर्ख होता.

कार्यक्रम सुरू झाला आणि पाव तासात बाबांच्या हाताखाली मधले सूर उतरले. त्यांनी वाजवायच्या काड्या खाली ठेवल्या, तुझ्याकडे बघितलं आणि माइकमध्ये हसत म्हणाले, "माझ्या लेकीला देवानं सगळं दिलं, फक्त कान द्यायचा विसरला." हॉल हसला. तू वर आलीस, भरल्या हॉलसमोर गुडघ्यांवर बसलीस आणि तारा पुन्हा लावल्यास. चोवीसच. बाकीच्यांना बोटही लावलं नाहीस. मधे एकदा मान वर करून माझ्याकडे बघितलंस, तेव्हाच मला समजलं की तुला कळलंय. मी पडद्याची दोरी बघत राहिलो. मग किल्ली बाबांच्या गुडघ्यापाशी ठेवून तू बाजूच्या दारानं गेलीस, ती बाबांच्या खोलीत परत कधी बसली नाहीस. सहा महिन्यांत तंत्रशाळेत नाव घातलंस. लोक म्हणाले, एवढ्या मोठ्या कलावंताची मुलगी आणि ग्रीस पुसतेय. आई तेवढी म्हणाली की जाऊ दे, तिला सुचेल ते करू दे. मी मूग गिळून बसलो आणि तुझ्या रिकाम्या सतरंजीवर बस्तान ठोकलं.

ते कानाचं वाक्य आणि ते हसू बाबांनी पुस्तकात घेतलंय. पान एकशे बेचाळीस. वार्ताहरांनी खुलवून लिहिलंय, वाचणाऱ्याला गंमत वाटेल असं. लाल पेन हातात धरून मी दोन दिवस त्या पानावर बसलो. तिथे काना-मात्रा सगळ्या जागच्या जागी होत्या. शेवटी परवा सकाळी बाबांसमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. यंत्र, काटा, चोवीस तारा. आनंदाचंसुद्धा. मला वाटलं आता काठी उगारतील.

पण ते म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं. तिच्या हाताची तार मी ओळखत नाही का?"

मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, बोलून गेल्यावर कळलं, तिनं चोवीसच लावल्या तेव्हा. आणि ती कुठेही गेली तरी उभी राहील, तुझं तसं नव्हतं. तू मोडला असतास.

ताई, इतकी वर्षं मी बाबांचा वारस म्हणून मिरवलो. खरं बघता मी त्यांच्या घरातली ठिसूळ वस्तू होतो आणि मला जपायला त्यांनी तुला जाऊ दिलं. आपल्या तिघांनाही कान होते, तोंड एकालाही नव्हतं. बाबा नंतर पुष्कळ वेळ स्वतःचे हात बघत बसले. त्यांना तसं बघून मला राग यायला हवा होता, पण रडू आलं.

मग त्यांनी सांगितलं, काढून टाक तो मजकूर. मी काट मारायला पेन टेकवलं आणि हात थबकला. तीनशे बारा पानं मी दोनदा वाचलीत. त्या एवढ्या पुस्तकात तू फक्त तिथेच आहेस. ते खोडलं तर बाबांना मुलगी होती हेच कुणाला कळणार नाही, आणि ठेवलं तर तू जन्मभर बिनकानाची. हे मला ठरवायचं नाही. एकदा तुला न विचारता तुझ्या तारांना हात लावला, तेवढं बस झालं. म्हणून ते पान सोबत पाठवतोय. समासात लाल शाईनं मी एकच वाक्य लिहिलंय, "त्या दिवशी तारा मी उतरवल्या होत्या," आणि खाली सही केलीय. बाबांना वाचून दाखवलं, ते राहू दे म्हणाले. त्याखाली जागा सोडली आहे. तू जे लिहिशील ते जसंच्या तसं छापलं जाईल, आणि नुसती काट मारलीस तर तो सगळा मजकूर निघेल. छापखाना वीस तारखेपर्यंत थांबणार आहे. कामावरच लिहून टाक, हात धुवायला थांबू नकोस. कागदाला ऑइल लागलं तर लागू दे.

तुझाच,
ढब्बू