ठमीने निवडलेला शब्द

४ मार्च
ठमीने भाषाशास्त्राच्या एम.ए.च्या प्रबंधासाठी कुठल्या शब्दाचं मूळ शोधायला घेतलं होतं, ते आज प्रबंध पुरा झाल्यावर कळलं — स्मगल! जगात एवढे शब्द पडलेत, पण आमच्या कन्येला हाच सापडावा! नवरा म्हणाला, आईसमोर विषय काढू नका. बरोबरच आहे. माझे बाबा बंदरावर घड्याळं लपवून आणताना पकडले गेले, तुरुंगात जाऊन आले. लग्न ठरतानाच सासूबाईंनी बजावलं होतं, तुझे वडील या घरात येणार नाहीत. मीच त्यांच्या खोलीवर जाऊन भेटते.

९ मार्च
जेवताना ठमी सुटलीच. शब्द मुळात इंग्रजांचा नाहीच म्हणे. डच आणि उत्तर जर्मनीकडच्या बोलींतून तिकडे गेला, बहुधा खलाशांच्या तोंडून. आणि त्याचं त्याहून जुनं नातं सरपटण्याशी — फटीतून अंग चोरून आत शिरण्याशी. काय रंगून सांगत होती पोरगी! मी पोळी हातात धरून ऐकत राहिले.
सासूबाई अर्ध्या ताटावरून उठल्या.

१० मार्च
सासूबाईंनी ताट त्यांच्या खोलीतच मागवलं.

२१ मार्च
आज तोंडी परीक्षा. दार उघडं, कुणीही येऊन बसावं. सासूबाई न सांगता तयार होऊन निघाल्या.
ठमी न अडखळता बोलली. जुन्या जर्मन बोली अशा उलगडत होती, जणू शेजारपाजारच्या बायकांची नाती सांगतेय. शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हसत विचारलं, हाच शब्द का?
ठमी म्हणाली, "माझे आजोबा हेच करायचे. शिक्षा भोगून आले. घरी त्यांचं नाव निघत नाही. म्हटलं, निदान शब्दाची तरी ओळख करून घ्यावी."
माझे कान तापले. सासूबाईंकडे बघायची हिंमत झाली नाही. पण खरं सांगू? लाज नाही वाटली. इतक्या वर्षांत मला जे जमलं नाही, ते माझ्या लेकीने भर सभेत, आवाज न चढवता केलं. ऊर भरून आला.
पहिला वर्ग मिळाला!
परतताना सासूबाई खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या.

२२ मार्च
सकाळी सासूबाईंनी माझ्याकडे बाबांचा नंबर मागितला. स्वतः फोन लावला. म्हणाल्या, "नात काल फार छान बोलली. तुम्ही हवे होतात. रविवारी घरी या."