फेडलेल्या ओव्हरड्राफ्टचा डाग

मंगळवार, संध्याकाळ. हेन्डरसन

आज फोन ठेवल्यावर रडूच आलं, पण बरं वाटून. शिकत असतानाचा ओव्हरड्राफ्ट मी नर्सची नोकरी लागताच फेडला होता. तरी बँकेने नंतर माझ्या क्रेडिट फाइलवर डिफॉल्ट, म्हणजे पैसे थकवल्याची नोंद, लावला आणि त्यापायी घरमालकिणीने आम्हाला भाड्याचं घर नाकारलं. मी काय कर्जबुडवी आहे? फेडला होता मी!

ही फाइल ठेवणाऱ्या क्रेडिट कंपनीला पुरावा पाठवला होता. आज तिथल्या बाईंचा फोन आला, इथल्या पद्धतीने नमस्कार करतच. "किआ ओरा! पैसे आधी भरलेत, डिफॉल्ट नंतर लागलाय. आम्ही बँकेला जाब विचारतोय. तोवर त्या नोंदीपुढे 'तक्रार चालू' असं दिसेल."

माझा नवरा निखिल म्हणाला, "अगं, मग घरमालकिणीला आत्ताच सांग ना!"

बँक अडून बसली तर? तरी लावला फोन. फेडला होता ना मी, मग घाबरायचं कशाला? ती म्हणाली, घर अजून रिकामं आहे, शनिवारी या, बोलू.

लेकीने ऐकलंच. "माय रूम? कॅन इट बी येलो?"

"आधी मिळू तर दे," मी म्हटलं. मग राहवलं नाही. "पिवळा म्हणजे कुठला गं? लिंबासारखा?"