विकासनं जर्मनीची बाजू घेतली

वाटूर, रविवार, दिवेलागण

विकास फोनवर जर्मनीला नावं ठेवायचा. ऊन नाही, शेजारी बोलत नाहीत. मला ते गोड वाटायचं. पोरगं परत येईल.

आज मीच म्हणालो, "न विचारता कुणाच्या घरी जाता येत न्हाई म्हणं. कसला देश बाबा."

"तसं न्हाई अण्णा. लोक चांगले हैत, आपल्यालाच सवय न्हाई."

तसं न्हाई. किती पटकन म्हणाला.

माझ्या लहानपणी ताईनं सासरची गाऱ्हाणी बंद केली तेव्हा सगळे खूश. आई एकटी मागच्या दारी 'पोरगी तिकडची झाली' म्हणत रडत होती, अन् मी ओसरीवर शाळेची कविता मोठ्यानं म्हणत होतो.

विकासला म्हणालो, "बराबर हाय. देश चांगलाच असंल."