खोटं न बोलता भाव

रवि. १० नोव्हें. ९६, नोव्हाय (अमेरिका)

आज वंदनेला आमच्या बेसमेंटमध्ये पाचही घरं आली. पोहे कमी पडले, परत टाकले. मेश्राम वहिनींनी कॅटलॉग आणलं होतं. त्यात बुद्धमूर्ती, साठ डॉलर. सगळ्यांना पसंत. मग खालची बारीक अक्षरं आमच्या लेकीने, मित्राने, वाचली. मोटर लावली की डोक्यावरून पाणी पडतं. बागेतलं कारंजं निघालं. हे म्हणाले, "वहिनी, वंदना घ्यायची का भांडी विसळायची?" वहिनीही हसल्या.

मग ठरलं. किती वर्षं फोटोपुढे बसायचं. मी डिसेंबरात मित्राला घेऊन नागपूरला माहेरी जातेच आहे, तिथून संगमरवरी मूर्ती आणायची आणि २३ जानेवारीच्या पौर्णिमेला बसवायची. घरटी चाळीस डॉलर, सगळ्यांचे सारखे. रुपयांत सात हजार. पैसे माझ्याकडे दिले. वहिनी म्हणाल्या, "भाव करण्यात सुमनताईंचा हात कोण धरणार? पण निर्दोष बघून आणा हं. जन्मभराची आहे."

हो म्हटलं. जरा फुगलेच.

शनि. ३० नोव्हें.

बॅगा काढल्या. एकीला बत्तीस किलो चालतात. साबण, चॉकलेटं, बाबांना थर्मल, सगळं कूपनवर. इथे भाव करता येत नाही हे मला पहिल्या वर्षी फार जड गेलं. काउंटरवरच्या मुलीला टोस्टरचे "लास्ट किती" विचारलं होतं, तर तिने मॅनेजरला बोलावलं. हे अजून चारचौघांत सांगतात.

येताना लाल बॅग रिकामी ठेवायची. त्यात मूर्ती.

गुरु. १९ डिसें., नागपूर

पोचून दोन दिवस झाले. आई-बाबा बरे. यांना रजा नाही, आम्ही दोघीच.

आज बर्डीच्या बाजारात. वाटलं होतं हात विसरला असेल. नाही विसरला. दुकानात शिरायच्या आधी घड्याळ पर्समध्ये टाकलं, पाण्याची बाटली मित्राच्या पिशवीत. चपलांचे तीनशे सांगितले, एकशे साठला आणल्या. "बाहेरच्या दिसता ताई?" वर्धेची, म्हटलं. लग्नाचं घर आहे, पसंत पडल्या तर दहा जोड नेईन. शेजारचा दीडशेला देतोय. (शेजारी गेलेच नव्हते.) एवढेच उरलेत हो भाऊ.

रिक्षात मित्रा, "मॉम, व्हाय आर वी फ्रॉम वर्धा?"

भाव करताना असंच बोलतात बाळा.

"बट यू से इट एव्हरी मॉर्निंग. द फोर्थ वन."

चौथं म्हणजे मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही. रोज सकाळी पंचशील म्हणते. तिला मीच शिकवलं. बारा वर्षांची आहे.

घरी येऊन मोजली. वर्धा, लग्न, शेजारचा, एवढेच. बाकीचा हिशेब लिहिते तर हाही लिहावा. मु. म्हणजे मुसावादा.

मु. ४

रवि. २२ डिसें.

इतवारीत तिखट, धने, लिंबाचं लोणचं. खोटं न बोलायचं ठरवून गेले. दुकानात गर्दी. तोंडून निघून गेलं, मुलीला ताप आहे हो, आधी माझं द्या. मित्रा तिथेच म्हणाली, "नो, आय डोन्ट." दुकानदाराने दोघींकडे पाहिलं आणि तिच्या हातावर खारकेचा तुकडा ठेवला. मला रांगेत ठेवलं.

बाबांना सांगितलं तर हसून ठसका लागला. पोस्टात तीस वर्षं काढली त्यांनी, एका पैशाची अफरातफर नाही. म्हणाले, "मूर्ती आणायची आहे ना? खोटं न बोलता भाव करून दाखव. मग माझी पोरगी."

आई: "मूर्तीचा भाव करू नये."

बाबा: "का म्हणून? भगवंत काही देव नाहीत. दगड आहे अन् मजुरी आहे. दगडाची घासाघीस कर, मजुरीची नको."

आई म्हणाली, दुकानदार दोन्ही वेगळे करून देतो का? बाबा पेपर वाचायला लागले.

मु. १

मंगळ. २४ डिसें., पौर्णिमा

अष्टशील घेतलं. पांढरी साडी, बारानंतर जेवण नाही. मूर्तीला मुद्दाम आजच गेले, म्हणजे खोटं बोलायची सोयच राहू नये.

इंदोऱ्याच्या रस्त्यावर मूर्तिकाराचं दुकान. पांढऱ्या मिशीचा माणूस, कोपरापर्यंत दगडाचा भुगा. सव्वा फुटाची ध्यानमुद्रा बघितली. पापण्या अशा, की मित्रा हळू बोलायला लागली. साडेनऊ हजार.

"कुठच्या ताई तुम्ही?"

वर्धा अगदी जिभेवर आलं होतं. अमेरिकेची, म्हटलं. मित्राने माझा हात दाबला. तो खुर्चीत नीट सरसावून बसला. "अन् आणलेत किती?"

सात हजार. माझे नाहीत, पाच घरांचे आहेत. तेवढेच.

तो हसला. "इथं येणारा प्रत्येक जण एवढेच आहेत म्हणते जी. तुम्ही तर अमेरिकेच्या."

आयुष्यात हे वाक्य मी किती दुकानांत म्हटलं असेल. पहिल्यांदा खरं होतं आणि चाललं नाही.

उठले. एरवी कोपऱ्यापर्यंत सावकाश जाते, चपलेचा पट्टा नीट करते, तोवर हाक येते. आज मनात आलं, हाक यावी म्हणून चालणं तेही खोटंच. भरभर निघाले. बस आली, चढलोही. हाक नाही.

पदरचे अडीच हजार घालता येतील. पण मग पाच घरांची मूर्ती आमच्या एकट्या घराची होईल. सारखे पैसे ठरलेत. दुसरीकडे एवढी चांगली दिसली नाही, बाबांनी दोन दुकानं फिरवून आणलं. पाच घरं तारीख धरून बसलीत. रिकामी बॅग घेऊन कशी जाऊ.

मु. ०, आणि मूर्तीही शून्य.

बुध. २५ डिसें.

पहाटे सुचलं, बोहनी. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ नये हे त्यालाही ठाऊक, मलाही. यात खोटं काही नाही. दुकान उघडायच्या आधी पायरीवर जाऊन उभ्या राहिलो.

तो कुलूप काढता काढता म्हणाला, "काल मी दारातून पाहून रायलो होतो. वाटलं, आता ही बाई वळन. तुम्ही तर बसमध्ये चढल्या. मग म्हटलं, खरंच सातच असन."

आतून दुसरी मूर्ती आणली. तेवढीच, आणि चेहरा कालच्यापेक्षाही शांत. साडेसहा हजार. मी पर्स उघडली तर म्हणाला, थांबा. मूर्ती वळवली. उजव्या उघड्या खांद्यावर राखाडी रेघ, बोटभर. दगडातलीच.

"दगडात खोट आहे ताई. घेतल्यावर दिसली तर म्हणाल, माझ्या बोलण्यात होती. एक गिऱ्हाईक परत करून गेलं."

वहिनींचं "निर्दोष" आठवलं. चेहऱ्याकडे बघितलं. परत खांद्याकडे. सवयीने तोंडातून गेलं, सहा?

"साडेसहा. अन् पेटी मी ठोकून देतो."

पेटी ठोकणं म्हणजे मजुरी. मजुरीची घासाघीस नाही. दिले. जाताना जयभीम म्हणाला. बाबांनी रेघेवरून बोट फिरवलं. म्हणाले, "पास." आईने कापूस भरून दिला पेटीत.

मु. ०

सोम. ६ जाने. ९७, नोव्हाय

शनिवारी पोचलो. पेटीसकट बॅग तीस किलो. विमानतळावर कस्टमवाल्याने विचारलं, खाण्याचं काही आहे का. एरवी मान हलवून पुढे जाते. आहे म्हटलं. लोणचं, तिखट, धने. सगळं उघडलं. तो तिखटाच्या पिशवीवर वाकला आणि चार वेळा शिंकला. लगेच बंद करा म्हणाला. पेटी बघून विचारलं, हे कोण? मित्राने पाच मिनिटं सांगितलं. मागची रांग वाढली.

यांना रेघ दाखवली. "गाडीवर एवढा ओरखडा असता तर आमच्या मोटार कंपनीने हजार डॉलर सोडले असते. बोहनीला चांगली मिळाली."

मु. ०

रवि. १२ जाने.

मेश्राम वहिनींचा फोन. साडेसहाला मिळाली, पाचशे उरलेत, घरटी शंभर परत देते म्हटलं. "बघा, मी म्हणत होते ना, हात कोण धरणार. अन् निर्दोष आहे ना?"

म्हटलं, चेहरा बघाच तुम्ही वहिनी. बघतच राहाल.

फोन ठेवला. मित्रा टेबलावर होमवर्क करत होती. तिची पेन्सिल थांबली.

सगळ्यांसमोर सांगायला हवं. पण जन्मभराची आहे म्हणाल्या होत्या. आणि माझ्यावर सोपवलं होतं. पाच घरं उद्या म्हणतील, पाचशे वाचवायला खोटीची उचलली. तसं नव्हतं. होतं का?

मु. अर्धा.

गुरु. २३ जाने., पौर्णिमा

सकाळी अष्टशील. बेसमेंट पुसलं, पांढरी चादर घातली, मेणबत्त्या, उदबत्ती, फुलं. खीर झाली. बाहेर गुडघाभर बर्फ, यांनी वाट करून ठेवली. पाच घरं सहाला येतील.

मूर्ती टेबलावर बसवली. जड आहे म्हणून खाली टॉवेल घातला, सरकवायला बरं. बसवता बसवता उजवा खांदा भिंतीकडे गेला. मी काही ठरवून केलं नाही. थोडं केलं असेल. दिव्याचा उजेड गालावर छान पडत होता. तशीच राहू दिली.

चारला मित्रा शाळेतून आली. बूट न काढता खाली. उभी राहून बघितलं. मग टॉवेलचं टोक धरून हळूच ओढलं आणि मूर्ती समोर केली. रेघ दिव्याच्या उजेडात सरळ दिसते.

म्हटलं, अगं, उजेड गालावर बरा दिसत होता.

"बट दॅट्स हिज शोल्डर, मॉम."

आणि खीर मागायला वर गेली.

साडेपाच झाले. वंदना मीच सांगणार आहे, शीलंही. चौथं आलं की सगळे माझ्यामागे म्हणतील. वहिनी नेमक्या मूर्तीच्या उजव्या बाजूला बसतात.

टॉवेल अजून मूर्तीखालीच आहे, काढलेला नाही.

मु.