मठकोठीच्या दारावरचा खडू

२ डिसेंबर

कंबर मोडली! उद्या वारसा-खात्याची माणसं येणार म्हणून दिवसभर कोठीचं फाटक घासत होते. दगडी खांबांवर वर्षाची घाण — सायकलींचे काळे पट्टे, पावसाचे ओघळ, पोरासोरांच्या पांढुरक्या हातांचे डाग. सोडा टाकून खसाखसा घासलं. सगळं निघालं.

फक्त वर चौकटीच्या माथ्याला हात लावला नाही. तिथे व्रोनीचा खडू आहे. बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या नावांची तीन आद्याक्षरं आणि दोन्हीकडे सालाचे आकडे, घराला वर्षभराचा आशीर्वाद म्हणून. जानेवारीत मुकुट घालून, काठीला चांदणी लावून पोरं गात आली होती तेव्हाचा. मी वरून खाऊ घेऊन खाली येईपर्यंत लिहून झालं होतं, आणि उरलेला तुकडा व्रोनीच्या हातात होता. काय हसत होती!

मार्चमध्ये मेंदूज्वरानं गेली. अकरा वर्षांची पोर माझी.

३ डिसेंबर

साहेबलोक आले. इग्नाझनं कोठी फिरवून दाखवली. तो, माझा नवरा, इथल्या डागडुजीचं काम बघतो, आणि आम्ही राहतोही इथेच, फाटकावरच्या खोल्यांत. तळघर बघून माणसं गार! डोंगरातल्या मठाची सगळी द्राक्षं इथे यायची, इथेच पिळायची, इथूनच पिंपं डॅन्यूबवरच्या नावेत. वर धान्याचे दोन मजले, मधे मठाधिपती शहरात आले की त्यांचं दालन, आणि कोपऱ्यात भिंतीबाहेर डोकावणारं एवढंसं प्रार्थनाघर. मग बादशहाच्या हुकमानं मठ बुडाला. कोठीत मीठ भरलं, मग शिपाई, मग भाडेकरू. इग्नाझ सांगताना पाणी प्यायचंही विसरतो.

प्रार्थनाघरात गिलाव्यावर कुण्या गवंड्याचा पंजा उमटलाय, चारशे वर्षांपूर्वीचा. इग्नाझनं त्यावर काच बसवलीय. सगळे त्या पंजापुढे टोप्या काढून उभे राहिले.

जाताना मोठे साहेब म्हणाले, "फाटक वसंतात मूळच्या लाल रंगात हवं. माथा आधी धुऊन घ्या." इग्नाझनं वहीत टिपून घेतलं!

१४ डिसेंबर

भांडलो. माथा धुवायला बादली काढून ठेवलीन इग्नाझनं जिन्याखाली. म्हटलं, "मेलेल्या गवंड्याच्या पंजाला काच, आणि पोटच्या पोरीच्या अक्षराला पोतेरं?"

"गुंदी, मी अजून हात लावलाय का?"

"लावशील! तोंडातून शब्द निघत नाही तुझ्या. मार्चपासून निघत नाहीये!"

तो तळघरात निघून गेला. मी फाटकाशी जाऊन वर बघत राहिले. चारचा आकडा वरून उघडा. असा चार तीच काढायची.

२४ डिसेंबर

यंदा नाताळच्या व्हॅनिला बिस्किटांच्या चंद्रकोरी केल्या नाहीत. शेजारीण डबा देऊन गेली. इग्नाझनं एक खाल्ली, म्हणाला, "करपल्यात." व्रोनीला करपलेल्याच आवडायच्या. दोघंही डब्याकडे बघत बसलो.

२६ डिसेंबर

बर्फ. काही नाही.

१ जानेवारी

पाद्रीबुवा भेटले. सहा तारखेला पोरं येणार. रीत तीच — जुनं पुसायचं, नवं लिहायचं. थेक्लाही आहे, शाळेत व्रोनीच्या बाकावर बसायची ती. म्हणाले, "तुम्हाला जड जात असेल तर वगळू तुमचं दार." मी हो म्हणूनच आले.

जेवताना इग्नाझ एकदम म्हणाला, "खात्याला कळवलंय. माथा धुणार नाही."

"काय सांगितलंस?"

"भिंतीवरचा सगळ्यात वरचा थर तोही इतिहासच. जे परत लावता येत नाही ते काढायचं नाही, एवढंच तर येतं मला." आणि चमचा खाली ठेवून हमसून हमसून रडला. मी त्याचं डोकं छातीशी धरलं. कितीतरी महिन्यांनी आम्ही दोघं एका बाजूला होतो.

पाद्रीबुवांना निरोप दिला. येऊ देत पोरं. बाजूला लिहितील.

६ जानेवारी

पोरं आली, गायली. थेक्लाचा मुकुट कानावर आलेला. म्हटलं, "वरचं पुसू नकोस हं बाळ, व्रोनीचं आहे. खाली लिही."

ती कावरीबावरी झाली. "काकू, ते मी लिहिलंय. खुर्चीवर चढूनही व्रोनीचा हात पोचेना. तिनं खुर्ची धरली होती. खडू मोडून तिचा सगळा हात पांढरा झाला, मग तिनं इथे खांबावर पंजा उठवला. म्हणाली, ही माझी सही." वाकून शोधायला लागली. "इथेच होता. कुठे गेला?"

खांब लख्ख आहे. मीच घासलाय.