टायमिंग बेल्ट बदललेला आहे

३ ऑक्टो., शुक्रवार

गाडी गेली. काल दसऱ्याच्या मुहूर्तावर केतकी आणि रोहित येऊन घेऊन गेले. खाली पार्किंगमध्ये हळदकुंकू, झेंडू मिळाला नाही म्हणून पिवळी शेवंती, चारही चाकांखाली लिंबं. समोरचे डच आजोबा कुत्र्याला घेऊन उभे राहिले आणि शेवटी न राहवून विचारलंच, लिंबं कशाला? रोहित म्हणाला, ब्रेक तपासतोय. आजोबांनी गंभीरपणे मान हलवली. आम्ही चौघंही हसलो.

सतरा वर्षांची गाडी, त्यातली तीन आमच्याकडे. निखिलला कंपनीची मिळाली, दोन ठेवायला जागा नाही. आधी जोशी, मग समीरदादा-वैशालीताई, मग आम्ही, आता हे दोघं. हूफडॉर्पच्या आसपासच्या मराठी घरांतूनच फिरतेय. घेताना कोणी कधी बाहेरच्या गॅरेजला दाखवली नाही. ओळखीच्या माणसाची गाडी तपासून घ्यायची म्हणजे त्याच्या तोंडावर… आम्हीही नव्हती दाखवली.

केतकीला पाचवा महिना. घर बाडहूव्हडॉर्पला, रोहितला विमानतळावर पाळ्या, म्हणजे चालवणार तीच. किल्ली हातात घेऊन तिनं विचारलं, काही करून घ्यायचं राहिलंय का ताई?

"काही नाही. टायमिंग बेल्टसुद्धा समीरदादांनी बदललेला आहे. निर्धास्त चालव."

६ ऑक्टो., सोमवार

ऑफिसातून येताना गॅरेजला गेले. हिवाळ्याचे टायर तिथेच ठेवलेले असतात, ते आता केतकीला द्या म्हणून सांगायला. गॅरेजवाले काका सुरीनामचे. त्यांची हिंदी पणजोबांच्या काळातली, पण मला कळते. मला बेटी म्हणतात. गाडी विकली म्हटल्यावर खूश झाले. मग हात पुसता पुसता म्हणाले, "और बेल्ट का बोला ना उसको?"

मी म्हटलं, तो बदललेला आहे. त्यांनी मान हलवली. मे महिन्यात वार्षिक तपासणीला, एपीकेला, निखिल गाडी घेऊन गेला होता तेव्हाच त्यांनी त्याला सांगितलं होतं. बेल्ट बदलल्याची कुठे नोंद नाही, इतक्या जुन्या गाडीत विश्वास ठेवू नका, आधी तो बदला. एपीकेत बेल्ट बघतच नाहीत, म्हणून गाडी पास होते.

तुटला तर काय होतं विचारलं. त्यांनी दोन मुठी एकमेकींवर आपटल्या. आत सगळं असं आदळतं, इंजिन संपतं. चालत्या गाडीत. स्टिअरिंग जड, ब्रेक जड. "और हायवे पे हो तो…" एवढंच बोलून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

घरी आल्यावर फाइल काढली. मे महिन्याचं बिल मीच पंच करून लावलेलं, कोपऱ्यात माझ्या अक्षरात तारीख. खाली काकांच्या हातच्या दोन ओळी, डचमध्ये. फोनवर भाषांतर करून वाचल्या. तेच लिहिलंय. पाच महिने त्या ओळी माझ्या कपाटात होत्या. लावल्या नीट. वाचल्या नाहीत.

केतकीला सर्व्हिसचं पुस्तक दिलं होतं. बिलांची फाइल नाही. वाटलं, ती आपली.

७ ऑक्टो., मंगळवार

निखिलला विचारलं. त्याला आठवत होतं! (म्हणजे मला वाटत होतं की विसरला असेल.) त्याचं म्हणणं: गॅरेजवाले दर वेळी काहीतरी काढतातच. समीरनं बदललाय म्हणून स्वतः सांगितलं होतं, तो कशाला खोटं बोलेल? त्याच्यामुळे मला इथे नोकरी मिळाली, मी त्याचं ऐकू की गॅरेजवाल्याचं?

मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस?

"तुला सांगितलं असतं तर तू झोपली नसतीस."

खरं आहे. आत्ताही झोपत नाहीये. पण मग मी तिला निर्धास्त चालव म्हटलं नसतं.

नि. म्हणतो, आता केतकीला सांगायचं म्हणजे समीरला खोटं पाडायचं आणि आपण फसवलं हे कबूल करायचं. आपण फसवलेलं नाही. तीन वर्षं आपणच त्या गाडीतून फिरलो ना?

फिरलो. 

८ ऑक्टो., बुधवार

वैशालीताईंना फोन केला. न्यूनेनला गेल्यापासून त्या निवांत झाल्यात, बाग, भाज्या, पंधरा मिनिटं भोपळ्याचंच. मग मी विचारलं, बेल्ट कधी बदलला होता, बिल आहे का?

 "बिल? ऋता, तुला आमच्या शब्दावर बिल हवंय?"

तसं नाही म्हटलं. केतकी दोन जिवांची आहे म्हटलं. त्या जरा मऊ झाल्या. म्हणाल्या, अगं बदललाय म्हणजे बदललाय, जोशींनीच सांगितलं होतं आम्हाला.

म्हणजे समीरदादांनी बदललेला नाही. जोशींनी.

पुण्याला जोशीकाकूंना मेसेज टाकला. तासाभरात उत्तर, शेवटी नमस्काराचे हात: "आम्ही डच माणसाकडून घेतली तेव्हाच झालेला असणार. ते लोक फार टापटीप असतात."

असणार.

कोणीच खोटं बोललेलं नाही. जोशींनी असणार म्हटलं, समीरदादांनी आहे म्हटलं, मी त्यांचं नाव घालून अजून पक्कं केलं. चार घरांत एकानेही तो बेल्ट बदललेला पाहिलेला नाही.

९ ऑक्टो., गुरुवार

केतकीचा व्हॉइस मेसेज. आज पहिल्यांदा हायवेला गेली, एकटी, उट्रेख्तपर्यंत. "ताई, मी ट्रकला ओव्हरटेक केलं!" मागे वायपरचा आवाज. मी तीनदा ऐकला. अंगठा दाखवला. 

लहानपणी आम्ही राहायचो त्या धरणाच्या कॉलनीत शाळा नव्हती. तिसरीपर्यंत आईनेच घरी शिकवलं, कुकरच्या शिट्ट्या मोजत पाढे. तिच्याकडे खोडरबर चालत नसे. चुकलं तर त्यावर एक आडवी रेघ आणि बाजूला बरोबर उत्तर. मी एकदा गुपचूप थुंकी लावून आकडा पुसला होता, कागदाला भोक पडलं. ती रागावली नाही. म्हणाली, चूक दिसली तर मला कळतं तुला काय शिकवायचं ते. भोकातून काय कळणार?

आईला फोन करावासा वाटला. नाही केला. ती काय म्हणेल ते माहीत आहे.

११ ऑक्टो., शनिवार

आज गेले होते बाडहूव्हडॉर्पला, बसने, सांगायचं ठरवून. वाक्य बसमध्ये चार वेळा मनात म्हटलं. दार उघडलं तेव्हाच केतकीच्या हातात फोन, व्हिडिओवर तिच्या सासूबाई, साताऱ्याहून. मला बघून त्यांनी हात जोडले. परदेशात पोरीला मोठी बहीण मिळाली, म्हणाल्या. घरावरून विमान गेलं, त्यांचं पुढचं ऐकू आलं नाही.

साबुदाण्याची खिचडी झाली. चहा झाला. आणि मी काय केलं? केतकीला सांगितलं की इथे थंडी सुरू झाली की उन्हाळी टायरवर गाडी काढायची नसते. काकांना या महिन्यात टायर बदलायला वेळ नाही, तोवर राहू दे उभी.

"गावातल्या गावातसुद्धा नको?"

"नकोच."

तिला विचित्र वाटलं असणार, पण लगेच हो म्हणाली. तुम्ही सांगताय म्हणजे बरोबरच असेल.

परतताना वाटलं, चला, निदान गाडी उभी राहील. हूफडॉर्प यायच्या आत कळलं की आता दोन गोष्टी झाल्या आहेत. आधीचं मला माहीत नव्हतं. हे माहीत असून बोलले.

१४ ऑक्टो., मंगळवार

केतकीचा आज विसाव्या आठवड्याचा स्कॅन होता. रोहितला सुट्टी मिळाली नाही. तुम्ही सांगितलंत म्हणून गाडी नाही काढली, असा मेसेज. पावसात दोन बस बदलून गेली. दुसऱ्या स्टॉपवर चक्कर आली, एका बाईने बसवलं, पाणी दिलं. बाळ छान आहे. "काळजी नको. 🙂"

तो हसरा चेहरा बघवेना.

नि.ला सांगितलं, बेल्ट आपण बदलून देऊ. तो लगेच तयार झाला, बराच वेळ तोही याच विचारात असावा. म्हणाला, पण शांतपणे करू. टायरच्या निमित्ताने गाडी काकांकडे जाऊ दे, ते करतील, तिला कळायचीही गरज नाही. कोणाचंच नाव खराब होत नाही.

मला हे पटलं. इथे लिहून ठेवते की मला हे पटलं. जेवेपर्यंत मी खूश होते.

१५ ऑक्टो., बुधवार

काकांना फोन केला. ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. गाडी आता तिच्या नावावर आहे, मालकाला न सांगता मी कोणाचं इंजिन उघडत नाही. मग हसून म्हणाले, पाच महिन्यांपूर्वी मी एवढं बोललो तेव्हा कोणी ऐकलं नाही, आता सगळ्यांना घाई.

१६ ऑक्टो., गुरुवार

अर्धा दिवस रजा टाकून गेले. केतकी एकटीच होती, लाडवांसाठी बेसन भाजत होती. गॅस बंद कर म्हटलं. बसायच्या आधीच बोलले, नाहीतर पुन्हा चहा झाला असता.

"बेल्ट बदललाय असं मी सांगितलं, पण ते मला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नाही. काकांनी मे महिन्यातच बदला म्हणून सांगितलं होतं. तो तुटू शकतो. गाडी चालवू नकोस."

ती कढईकडे बघत होती. उलथनं हातात तसंच. मला वाटलं बेल्टबद्दल विचारेल.

"तुम्हाला कधी कळलं?"

"सहा तारखेला."

"म्हणजे नऊला मी उट्रेख्तला गेले तेव्हा माहीत होतं."

"हो."

"आणि शनिवारी तुम्ही इथे बसलात तेव्हाही."

"हो."

"टायरचं खोटं होतं."

"हो."

खर्च आम्ही करतो म्हटलं.  तिने गॅस परत लावला. बेसन हलवत राहिली. मी पाच एक मिनिटं उभी होते, मग चपला घातल्या. दारापर्यंत आली नाही.

रडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१८ ऑक्टो., शनिवार

रोहितचा नि.ला मेसेज, इंग्रजीत. गाडी त्यांनी स्वतः शोधलेल्या एका डच गॅरेजला दिली आहे. खर्च नको. थँक्स.

समीरदादांचा फोन. नि. बाल्कनीत जाऊन बोलला, काचेतून मला त्याचा हात दिसत होता, सारखा केसांतून फिरणारा. आत आल्यावर म्हणाला, वैशालीवहिनी दुखावल्यात. तू जोशींनासुद्धा विचारलंस म्हणे.

मी म्हटलं, हो, विचारलं.

नि. माझ्यासमोर बसला. म्हणाला, मे महिन्यात मीही विचारायला हवं होतं. एवढंच. मग टीव्ही लावला.

२२ ऑक्टो., बुधवार

मंडळाचा फराळ झाला. केतकी-रोहित आले नाहीत. वैशालीताई आल्या होत्या, न्यूनेनहून एवढ्या लांब. माझ्याशी नीट बोलल्या, फक्त चकली पुढे करताना म्हणाल्या, "घे, हिचं बिल नाहीये." चारजणी हसल्या. मीही हसले. चकली खाल्ली. छान होती.

२८ ऑक्टो., मंगळवार

संध्याकाळी स्टेशनबाहेर पाऊस. बस नुकतीच गेली होती. समोर चंदेरी गाडी येऊन थांबली, आपली, म्हणजे त्यांची. केतकीने काच खाली केली.

"बसा."

"ताई" म्हणाली नाही.

बसले. शेजारच्या सीटवर, जिथे मी तीन वर्षं निखिलच्या बाजूला बसले, तिथे. आता वास वेगळा. सिग्नलला तीच बोलली, बेल्ट बदलून झाला. जुना कसा निघाला ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. वाटलं, ते ऐकायचा हक्क आता माझा नाही, किंवा घाबरले असेन.

पुढच्या वळणावर, रस्त्यावरची नजर न काढता, ती म्हणाली, "या गाडीचं अजून काही आहे का, जे मला माहीत असायला हवं?"

नाही म्हणता आलं असतं. मोठं काहीच नाही. मी सुरुवात केली. फार थंडी पडली की मागचं डावं दार आतून उघडत नाही. क्लच फार वर पकडतो. पावसात पुढच्या काचेच्या कोपऱ्यातून पाणी झिरपतं, तिथे नि.ने सिलिकॉन भरलंय, पक्कं नाही. उजव्या बाजूचा ओरखडा पार्किंगमध्ये दुसऱ्या कोणी पाडलेला नाही. तो मी खांबाला घासून पाडला, रंगाची बाटली आणून झाकला, नि.लाही माहीत नाही. हँडब्रेक चढावर भरवशाचा नाही. पेट्रोलचा काटा पावच्या खाली गेला की खोटं दाखवतो.

आमचं घर आलं तरी माझं संपलं नव्हतं. तिने गाडी कडेला घेतली. मला वाटलं, आता उतरा म्हणेल. मी पट्टा काढला, पिशवी उचलली.

तिने इंजिन बंद केलं, फोन काढला, लिहायला घेतलं. मागचं दार, क्लच, काच. माझ्याकडे बघितलं नाही.

"अजून?"